टीव्ही बॉक्स बिघडला? आधी दोष शोधा, रिसेट शेवटी

टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या बंधूंकडे अलीकडे एक वस्तू वारंवार येऊ लागली आहे. ती म्हणजे दीड-दोन हजारांपासून मिळणारा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स. जुन्या टीव्हीला हा बॉक्स जोडला की पेनड्राइव्हवरचे चित्रपट, लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे धडे, घरातले फोटो सारे पडद्यावर दिसते. अनेक बॉक्समध्ये त्यासाठी 'कोडी' नावाचे सॉफ्टवेअर घातलेले असते. मात्र बॉक्स अडकत चालू लागला, आवाज गेला किंवा पडदा काळा झाला की गिऱ्हाईक तो उचलून थेट आपल्या काउंटरवर आणतो.

यावर बहुतेक दुकानांत एकच औषध दिले जाते : फॅक्टरी रिसेट. दहा मिनिटांचे काम, शंभर-दोनशे रुपये हाती, गिऱ्हाईक रवाना. पण आठ दिवसांनी तोच बॉक्स तीच तक्रार घेऊन परत येतो, कारण मूळ दोष शोधलेलाच नसतो.

याहून मोठे नुकसान दुसरे आहे. समजा, एक गृहस्थ बॉक्स घेऊन आले. त्यांची तक्रार एवढीच की मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ अडकत चालतो, बाकी सर्व ठीक आहे. आपण रिसेट केला. व्हिडिओ पूर्वीसारखाच अडकत राहिला. पण बॉक्सच्या आतल्या मेमरीत त्यांच्या मरहूम वडिलांचे चार व्हिडिओ होते, ते गेले. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. आता त्या गृहस्थांना कोणत्या तोंडाने सांगणार, की ज्या कामासाठी वडिलांचे व्हिडिओ पुसले ते कामही झाले नाही? काउंटरवर ठेवलेली वस्तू ही आपल्याकडे आलेली अमानत असते, आणि त्यात फक्त यंत्र नसते, आतला मजकूरही असतो.

म्हणून आजच्या धड्याचे सूत्र एकच आहे : दोष कोणत्या थरात आहे ते आधी ओळखावे, पुसापुशी सर्वांत शेवटी करावी.

कोडी म्हणजे काय?

दोष शोधण्यापूर्वी वस्तू ओळखून घेऊ. कोडीची सुरुवात २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स' या खेळयंत्रावर चित्रपट चालविण्यासाठी झाली. पुढे त्याचे नाव 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर', म्हणजे 'एक्सबीएमसी' असे पडले. २०१४ साली चौदाव्या आवृत्तीपासून त्यास 'कोडी' म्हणू लागले. हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याची मूळ संहिता कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि ते वापरण्यास पैसे लागत नाहीत. त्याचे काम एक्सबीएमसी फाउंडेशन ही बिगर-नफा संस्था पाहते.

दुकानदाराने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कोडी हे फक्त चालविण्याचे यंत्र आहे. ते बसविले की आत एकही चित्रपट, एकही चॅनल येत नाही. कॅसेटशिवाय टेपरेकॉर्डर असतो तसे ते रिकामे असते. त्यावर जे काही दिसते ते गिऱ्हाइकाने स्वतः दिलेल्या फाइलींतून येते किंवा वरून जोडलेल्या 'ॲड-ऑन' नावाच्या छोट्या कार्यक्रमांतून येते. त्यामुळे "कोडी बंद पडला" ही तक्रार बहुधा अर्धवट असते. कोडी बंद पडला, की त्यावरचा ॲड-ऑन, की बॉक्स, हे आपणास शोधायचे आहे.

पाच थर

कोणताही टीव्ही बॉक्स पाच थरांचा मानावा : (१) वीज आणि उष्णता, (२) टीव्हीशी जोडणी, (३) फाइल आणि ती येण्याचा मार्ग, (४) कोडी आणि त्याचे ॲड-ऑन, (५) खुद्द बॉक्सची चिप आणि त्यातले अँड्रॉइड. तपासणी याच क्रमाने करावी. पहिल्या तीन थरांच्या तपासणीत गिऱ्हाइकाचे काहीही पुसावे लागत नाही, आणि पुष्कळशा तक्रारी तेथेच मिटतात.

त्यासाठी दुकानात चार वस्तू नेहमी तयार ठेवाव्यात : चांगल्या प्रतीचा ५ व्होल्टचा ॲडॉप्टर, खात्रीची एचडीएमआय केबल, साधा यूएसबी कीबोर्ड आणि तपासणीचा पेनड्राइव्ह. या पेनड्राइव्हवर एकच चित्रफीत वेगवेगळ्या प्रकारांत भरून ठेवावी. ब्लेंडर फाउंडेशनचा 'बिग बक बनी' (२००८) हा छोटा ॲनिमेशनपट यासाठी उत्तम आहे. तो मुक्त परवान्याखाली असल्याने त्याची प्रत ठेवण्यास कायद्याची अडचण नाही. १०८० एच.२६४, १०८० एच.२६५ आणि ४के एच.२६५ अशा तीन फाइली पुरेशा आहेत. आपली खात्रीची फाइल नीट चालली आणि गिऱ्हाइकाची चालली नाही, तर बॉक्स उघडण्याची गरज नाही हे दोन मिनिटांत कळते.

पहिला थर : वीज आणि उष्णता

स्वस्त बॉक्ससोबत आलेला ॲडॉप्टर हा पहिला संशयित होय. त्यावर ५ व्होल्ट, २ अँपिअर असे छापलेले असते. मल्टिमीटर लावला तर ५ व्होल्ट दिसतातही, पण ते बिनभाराचे असतात. बॉक्स काम करू लागला आणि त्यात यूएसबी हार्डडिस्क लावली की व्होल्ट खाली उतरतात. मग बॉक्स आपोआप पुन्हा सुरू होतो, हार्डडिस्क मध्येच दिसेनाशी होते किंवा कंपनीच्या चिन्हावर अडकून बसतो. म्हणून नुसते मोजू नये. आपला खात्रीचा ॲडॉप्टर लावून तासभर चालवून पाहावे. हार्डडिस्कसाठी स्वतःची वीज असलेला यूएसबी हब सुचवावा.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कोडी चालविणारे गिऱ्हाईकही येतात. वीज कमी पडली की तो पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह दाखवितो. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडॉप्टर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर तेथे पुरत नाही.

उष्णतेची खूण वेगळी आहे. बॉक्स पहिली वीस-पंचवीस मिनिटे सुरेख चालतो, मग अडकू लागतो. थंड झाला की पुन्हा ठीक. चिप तापली की ती स्वतःचा वेग कमी करते, त्याचा हा परिणाम. बॉक्स टीव्हीच्या मागे कोंडलेला आहे का, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवला आहे का, हे विचारावे. उघडल्यावर चिपवरची उष्णता शोषणारी पट्टी सैल झालेली किंवा वाळलेली आढळली तर ती बदलावी.

दुसरा थर : टीव्हीशी जोडणी

पडदा काळा, पण बॉक्सचा दिवा लागलेला असतो. अशा वेळी पुष्कळदा बॉक्सचे आउटपुट ४के वर ठेवलेले असते आणि गिऱ्हाइकाचा टीव्ही ते घेऊ शकत नाही. बॉक्स आपल्या दुकानातल्या ४के टीव्हीला जोडावा, सेटिंगमध्ये १०८० करावे आणि परत द्यावा. केबल जुनी असेल तर तीही बदलून पाहावी. ४के ६० फ्रेमला लागणारा वेग साध्या केबलला झेपत नाही.

चित्र आहे, पण आवाज नाही. हा दोष पुष्कळांना चकवितो. कोडीच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम'खाली 'ऑडिओ' हा भाग आहे. तेथे 'पासथ्रू' चालू असेल तर कोडी डॉल्बी किंवा डीटीएसचा आवाज न उलगडता तसाच टीव्हीकडे पाठवितो. टीव्हीला तो प्रकार कळत नसेल तर तो गप्प बसतो. पासथ्रू बंद करावे आणि चॅनलची संख्या २.० करावी. एवढ्यावर आवाज येतो. रिसेटनेही हा आवाज येतो, कारण सेटिंग मूळपदावर जाते. पण एका बटणासाठी घर जाळण्यासारखे ते आहे.

चित्र चालते, पण कॅमेरा आडवा फिरला की बारीक हिसके बसतात. याचे कारण फ्रेमच्या हिशेबात आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, आपल्याकडचे टीव्हीचे कार्यक्रम २५ किंवा ५० चे, आणि बॉक्स मात्र कायम ६० वर असतो. साठाला चोविसाने भाग सरळ जात नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा तर काही तीनदा दाखविल्या जातात. कोडीच्या 'प्लेअर'च्या सेटिंगमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट फाइलप्रमाणे बदलण्याची सोय आहे, ती चालू करावी. सेटिंग दिसत नसेल तर डाव्या बाजूस खाली असलेली पातळी 'बेसिक'वरून 'ॲडव्हान्स्ड' किंवा 'एक्स्पर्ट' करावी.

तिसरा थर : फाइल आणि तिचा मार्ग

येथे एक सोपी कसोटी आहे. तीच फाइल दोन वेळा चालवावी. ती प्रत्येक वेळी त्याच मिनिटाला थांबत असेल तर दोष फाइलमध्ये आहे : बहुधा कॉपी पूर्ण होण्याआधीच पेनड्राइव्ह काढला गेला. प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल तर दोष वीज, उष्णता किंवा नेटवर्कमध्ये शोधावा.

पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकाराचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. लग्नाच्या व्हिडिओबाबत ही अडचण नेहमी येते. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस करावा. अर्थात त्यापूर्वी आतला मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा.

फाइल नेटवर्कवरून येत असेल तर थोडे गणित करावे. फाइलचा आकार आणि कालावधी यांवरून तिला किती वेग लागतो ते निघते. ३० जीबीची फाइल एक तासाची आहे असे धरू. ३० जीबी म्हणजे ३०,००० मेगाबाइट. त्यास ८ ने गुणले की २,४०,००० मेगाबिट. तासाचे ३,६०० सेकंद. भागाकार आला सुमारे ६७. म्हणजे सेकंदाला सरासरी ६७ मेगाबिट वेग सतत हवा. स्वस्त बॉक्सचे २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय गजबजलेल्या वस्तीत याच्या निम्मा वेगही टिकवू शकत नाही. पुष्कळ बॉक्सची लॅनची जोडणीही १०० मेगाबिटचीच असते. अशा गिऱ्हाइकाला "बॉक्स खराब आहे" म्हणून नवा विकणे म्हणजे त्यास फसविणे होय. त्यास केबल टाकण्यास सांगावे किंवा फाइल पेनड्राइव्हवर देण्यास सांगावे.

नेटचाच आणखी एक चकवा आहे. वायफाय जोडलेले दिसते, मोबाइलवर नेट चालते, पण बॉक्सवर एकही ॲड-ऑन उघडत नाही. अशा वेळी बॉक्सची तारीख पाहावी. स्वस्त बॉक्समध्ये घड्याळासाठी वेगळा सेल बहुधा नसतो. वीज गेली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांचे प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतेच असते, म्हणून चुकीच्या तारखेच्या बॉक्सला ती दार उघडत नाहीत. तारीख-वेळ 'आपोआप' वर करावी. दोष संपला.

उपशीर्षकांबद्दलही तक्रारी येतात. मराठी किंवा उर्दू अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर निवडलेल्या फॉन्टमध्ये ती अक्षरे नाहीत, म्हणून फॉन्ट बदलावा. चौकोनांऐवजी विचित्र चिन्हांचा खिचडा दिसला तर फाइल वेगळ्या सांकेतिक पद्धतीत साठविलेली आहे. ती संगणकावर उघडून यूटीएफ-८ मध्ये पुन्हा साठवावी.

चौथा थर : कोडी आणि ॲड-ऑन

आता कोडीकडे वळू. यूएसबी कीबोर्ड लावावा, फाइल चालवावी आणि इंग्रजी 'ओ' अक्षराची कळ दाबावी. पडद्यावर एक चौकट येते. त्यात व्हिडिओ डिकोडरच्या नावापुढे 'एचडब्ल्यू' किंवा 'एसडब्ल्यू' असे लिहिलेले असते. 'एचडब्ल्यू' म्हणजे चिपमधील खास विभाग काम करीत आहे. 'एसडब्ल्यू' म्हणजे सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडला आहे. स्वस्त बॉक्सचा प्रोसेसर मोठ्या फाइलला पुरा पडत नाही, म्हणून ती अडकते.

'एसडब्ल्यू' दिसले तर प्रथम प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'मीडियाकोडेक' ही हार्डवेअरची सोय बंद पडली आहे का ते पाहावे आणि चालू करावी. ती चालू असूनही 'एसडब्ल्यू' दिसत असेल तर त्या फाइलचा प्रकारच चिपला येत नाही. १० बिटचे एच.२६४ हा असा प्रकार आहे. बहुतेक बॉक्सच्या चिपमध्ये त्यासाठी सोय नाही. तेथे कोणतेही रिसेट, कोणताही अपडेट उपयोगाचा नाही. फाइल संगणकावर 'हँडब्रेक' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरने दुसऱ्या प्रकारात बदलून द्यावी. हे स्वतंत्र काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे घेणे रास्त आहे.

ॲड-ऑन चालत नसतील तर आवृत्ती पाहावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या १९ व्या आवृत्तीपासून कोडीने पायथन भाषेची तिसरी पिढी स्वीकारली. दुसऱ्या पिढीत लिहिलेले आणि नंतर न सुधारलेले ॲड-ऑन तेव्हापासून चालत नाहीत. "अपडेट केले आणि सगळे बंद पडले" या जुन्या बॉक्सच्या तक्रारीचे कारण पुष्कळदा हेच असते. बॉक्सचे अँड्रॉइडही पाहावे. कोडीच्या १७ व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड ५ किंवा त्यापुढचे लागते. त्याहून जुन्या बॉक्सवर नवी आवृत्ती बसणार नाही, मग पेनड्राइव्हवरून कितीही वेळा चढवा.

नेटवरील व्हिडिओ थांबत-थांबत चालत असेल तर कोडीची साठवण, म्हणजे 'कॅश', वाढविता येते. पूर्वी त्यासाठी हाताने फाइल लिहावी लागे. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या २१ व्या आवृत्तीपासून ही सोय सेटिंगमध्ये 'सर्व्हिसेस'खाली मिळते. पण १ जीबी रॅमच्या बॉक्सवर ती फार वाढवू नये, नाहीतर कोडीच बंद पडेल.

एवढ्यानेही दोष सापडला नाही तर कोडीची नोंदवही वाचावी. सेटिंगमध्ये 'सिस्टिम', त्यात 'लॉगिंग', तेथे डीबग नोंद चालू करावी, बॉक्स पुन्हा सुरू करावा, दोष घडू द्यावा आणि मग 'कोडी.लॉग' ही फाइल पाहावी. कोडी अचानक बंद पडला असेल तर 'कोडी.ओल्ड.लॉग' पाहावी, कारण मागल्या खेपेची नोंद तीत असते. 'एरर' हा शब्द शोधावा. ज्या ॲड-ऑनचे नाव त्या ओळींत वारंवार येते, तो बंद करून पाहावा. ही नोंद कोणास दाखविण्यापूर्वी एकदा नजरेखालून घालावी. तीत गिऱ्हाइकाच्या नेटवर्कची नावे, पत्ते, कधी पासवर्डही असू शकतात.

कोडी कोरा करून पाहायचा झाल्यास त्याचे फोल्डर पुसू नये, त्याचे नाव बदलावे. कोडी पुन्हा सुरू केला की नवे कोरे फोल्डर तयार होते. दोष गेला तर तो जुन्या सेटिंगमध्ये होता. दोष राहिला तर नवे फोल्डर काढून जुन्यास मूळ नाव परत द्यावे. गिऱ्हाइकाचे काहीही गेलेले नसते.

पाचवा थर : बॉक्स स्वतः

वरचे चारही थर निर्दोष निघाले तर बॉक्सकडे यावे. स्वस्त बॉक्सच्या खोक्यावरील मजकुरावर विश्वास ठेवू नये. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असे छापलेल्या बॉक्समध्ये १ जीबी आणि ८ जीबी निघाल्याची उदाहरणे आहेत. सेटिंगमध्येही खोटाच आकडा दिसेल अशी सोय कारखान्यातच केलेली असते. मोठ्या फाइली भरून पाहिल्या की खरी जागा समोर येते. चिपचे नावही उघडून, धातूची पट्टी बाजूला करून वाचलेलेच खरे.

ॲमलॉजिक चिप असलेल्या बॉक्ससाठी एक उत्तम कसोटी आहे. २०१८ साली 'लिब्रेइलेक' या प्रकल्पातून 'कोअरइलेक' नावाची छोटी प्रणाली वेगळी निघाली. ती मेमरी कार्डावरून चालते आणि तीत फक्त कोडी असतो. कार्ड तयार करावे, आपल्या चिपला जुळणारी 'डिव्हाइस ट्री' फाइल कार्डावर योग्य नावाने ठेवावी, कार्ड घालावे, अनेक बॉक्समध्ये एव्ही पिनच्या भोकात असलेले रिसेट बटण काडीने दाबून धरावे आणि वीज द्यावी. बॉक्स कार्डावरून सुरू होतो. आतल्या अँड्रॉइडला धक्का लागत नाही, कार्ड काढले की बॉक्स पूर्ववत. मात्र कार्डावरील प्रणाली आतल्या मेमरीत बसविण्याची आज्ञा या तपासणीत देऊ नये. प्रत्येक आवृत्ती प्रत्येक चिपला चालत नाही, हेही आधी पाहून घ्यावे.

कार्डावर तीच फाइल सुरळीत चालली तर यंत्र चांगले आहे आणि दोष अँड्रॉइडमध्ये आहे. कार्डावरही अडकली तर यंत्राची शक्तीच तेवढी आहे. आता कोठे रिसेटचा विचार करावा, आणि तोही आतला सारा मजकूर उतरवून, गिऱ्हाइकाची लेखी संमती घेऊन.

अँड्रॉइडचा दोष म्हणताना एक गंभीर बाब विसरू नये. काही स्वस्त बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर घालून येते. सप्टेंबर २०२४ मध्ये 'डॉक्टर वेब' या सुरक्षा कंपनीने 'व्हो१डी' नावाचे घातक सॉफ्टवेअर १९७ देशांतील सुमारे १३ लाख टीव्ही बॉक्समध्ये सापडल्याचे जाहीर केले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' बाबत लोकांना सावध केले. असा बॉक्स गिऱ्हाइकाच्या नेट जोडणीचा वापर परक्याला करू देतो. कारखान्यातूनच आलेली कीड रिसेटने जात नाही, कारण रिसेट त्याच मूळ प्रतीवर परत नेतो. अशा बॉक्सवर बँकेचे, यूपीआयचे किंवा मुख्य ईमेलचे काम करू नये, असे गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावे.

आणखी एक तक्रार : पैसे भरलेले चित्रपट-ॲप बॉक्सवर धूसर दिसते. हा कोडीचा दोष नाही. अशा ॲपना एचडी चित्र देण्यासाठी 'वाइडवाइन एल१' हे प्रमाणन लागते. ते पुष्कळ स्वस्त बॉक्सना नसते, आणि ते दुकानात बसवून देता येत नाही. त्याचे पैसे घेऊ नयेत.

काउंटरवरचा खरा प्रश्न

बाजारात 'सगळे भरलेला' बॉक्स मागणारे गिऱ्हाईक भेटतात. म्हणजे नवे चित्रपट, सामने, पैशांचे चॅनल सारे फुकट दाखविणारे ॲड-ऑन घालून दिलेला. शेजारचा दुकानदार देतो, मग आपण का देऊ नये, असा विचार मनात येतो. त्यांनी खालील गोष्टी वाचाव्यात.

आपल्या कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्काचे उल्लंघन करणाऱ्यास किंवा त्यास साहाय्य करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. एप्रिल २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने असे ॲड-ऑन घालून बॉक्स विकणे हेच हक्काचे उल्लंघन होय असा निर्णय दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील मिडल्सबरोच्या एका दुकानदारास असे बॉक्स विकल्याबद्दल अठरा महिन्यांची, स्थगित का होईना, कैदेची शिक्षा झाली. कोडीची मंडळीही अशा विक्रीच्या विरोधात उघडपणे बोलत आली आहेत.

कायदा बाजूला ठेवला तरी धंद्याचा हिशेब सांगतो की हा सौदा तोट्याचा आहे. चोरीचे ॲड-ऑन महिना-दोन महिन्यांत बंद पडतात. गिऱ्हाईक दोष आपल्याला देतो, फुकट दुरुस्ती मागतो आणि चार जणांत आपले नाव घेतो. परक्याच्या कष्टाचा माल विकून आलेला पैसा हलाल कमाईत कसा बसवायचा, हा प्रश्न तर उरतोच. याउलट कोडी कोरा देऊन, गिऱ्हाइकाचे स्वतःचे व्हिडिओ, फोटो आणि मुलांचे धडे नीट लावून देणारा कारागीर वर्षानुवर्षे लक्षात राहतो.

पावतीवर काय लिहावे

प्रत्येक बॉक्स घेताना एक छोटी चिठ्ठी भरावी : गिऱ्हाइकाच्या शब्दांत तक्रार, सोबत आलेल्या वस्तू, आतल्या मेमरीत महत्त्वाचे काही आहे काय, पुसण्यास संमती आहे काय. देताना लिहावे : दोष कोणत्या थरात सापडला, काय केले, काय होणार नाही. नवा बॉक्स विकताना चिप, खरी रॅम आणि खरी साठवण पावतीवर नोंदवावी. ॲडॉप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते माल घेतानाच पाहावे.

आता त्या लग्नाच्या व्हिडिओकडे परत येऊ. समजा, बॉक्समध्ये ॲमलॉजिक एस९०५एक्स चिप आहे. आपल्या पेनड्राइव्हवरच्या तिन्ही फाइली सुरळीत चालल्या, म्हणजे वीज, केबल, बॉक्स ठीक. गिऱ्हाइकाची फाइल मात्र सुरुवातीपासूनच अडखळते. संगणकावर तिची माहिती पाहिली : ४के, एच.२६४, सेकंदाला ५० फ्रेम. ही चिप ४के एच.२६५ सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत चालविते, पण ४के एच.२६४ फक्त ३० फ्रेमपर्यंत. दोष सापडला. बॉक्सला हातही लावायचा नाही. मूळ फाइल जपून ठेवून हँडब्रेकने १०८० ची दुसरी प्रत काढली, पेनड्राइव्हवर दिली, काम झाले. आणि बॉक्सच्या आतले वडिलांचे चार व्हिडिओ जेथे होते तेथेच राहिले. जाता जाता त्यांचीही एक प्रत पेनड्राइव्हवर काढून दिली, तर त्या गृहस्थांना दुसऱ्या दुकानाचा पत्ता विचारण्याची गरज पडणार नाही.

सरावासाठी तीन प्रश्न

१. बॉक्स अर्धा तास नीट चालतो, मग अडकतो. पंखा लावला की अडकत नाही. कोणता थर?
२. चित्र दिसते, काही फाइलींना आवाज आहे, काहींना नाही. प्रथम कोणती सेटिंग पाहाल?
३. रात्री वीज गेली. सकाळपासून वायफाय जोडलेले दिसते, पण काहीच उघडत नाही. प्रथम काय पाहाल?

उत्तरे : (१) पहिला थर, उष्णता. (२) ऑडिओतील पासथ्रू. (३) बॉक्सची तारीख. तिन्हींपैकी एकासही रिसेट लागला नाही, हे ध्यानात घ्यावे.